सत्तेची सनद : मुंबई उच्च न्यायालयाचे काही अलीकडचे निवाडे

(न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ दिलेले व्याख्यान)



ज्यांच्या स्मृतीला आजचे हे व्याख्यान वाहिलेले आहे ते काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८८९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायासनावर बसले आणि १८९३ च्या सप्टेंबरच्या आरंभी, वयाच्या ४३ व्या वर्षी, ते आसन सोडून इहलोकीचाच निरोप घेते झाले. भगवद्गीता इंग्रजीत नेणारा पंडित, राष्ट्रसभेच्या स्थापनेत वाटा उचलणारा कार्यकर्ता आणि मुंबई विद्यापीठाचा कुलगुरू अशा तिन्ही भूमिका ज्या एका अल्पायुषी पुरुषात एकवटली होती, त्याच्या मागे त्या आसनावर महादेव गोविंद रानडे आले, ही गोष्टच त्या आसनाची थोरवी सांगावयास पुरेशी आहे. तेव्हा तेलंगांचे चरित्र पुन्हा एकदा गाण्याऐवजी, त्यांच्याच न्यायालयातून गेल्या दोन-चार वर्षांत जे लिहिले गेले त्यातले काही आपल्यापुढे वाचून दाखवावे, आणि वाचताना जे मनात येते तेही आडपडदा न ठेवता सांगावे, असे मी ठरविले. त्यांना स्वतःला हा मार्ग अधिक रुचला असता असे मला वाटते. स्तुतीपेक्षा युक्तिवाद ऐकण्याची त्या मंडळींना अधिक सवय होती.

उच्च न्यायालयाचा दिवस ज्याने बोर्डाच्या, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीच्या, बाजूने पाहिला आहे त्याला ठाऊक आहे की तेथे विषयांची सरमिसळ किती विलक्षण असते. सकाळी चोपदारामागून न्यायमूर्ती येऊन बसतात, पुकारा होतो, आणि प्राप्तिकराच्या नोटिशीमागून एखाद्या गर्भवतीचा अर्ज, त्यामागून शाळेच्या प्रवेशाचा वाद, त्यामागून जन्मठेपेवरचे अपील अशी प्रकरणे एकामागून एक लागतात. कनिष्ठ वकील हातातल्या बोर्डावर खुणा करीत उभे असतात, आणि दूरच्या गावाहून आलेला पक्षकार, आपले नाव पुकारले गेले की नाही एवढेच शेजाऱ्याला विचारीत, मागच्या बाकावर अंग चोरून बसलेला असतो. वर्तमानपत्रे दुसऱ्या दिवशी यांतले एखादे प्रकरण उचलतात आणि कोण जिंकले, कोण हरले एवढे छापतात. त्या बातम्या एकत्र ठेवून पाहिल्या तर त्यांत काही संगती आहे असे वरवर दिसणार नाही. परंतु निवाडे समग्र वाचले असता एक प्रश्न त्यांतून पुनःपुन्हा डोके वर काढताना दिसतो, आणि आजच्या माझ्या बोलण्याचे सूत्र तोच आहे. ही जी सत्ता तू चालवितोस ती तुला कोणी दिली, कोणत्या कागदाने दिली, आणि दिली असलीच तर त्या कागदात घालून दिलेल्या रीतीनेच तू ती चालविलीस काय, असा तो प्रश्न आहे. आणि तो मंत्र्याला विचारला जातो, कारकुनाला विचारला जातो, तपासी अंमलदाराला विचारला जातो, आणि कधी कधी न्यायालयाने स्वतःलाही विचारलेला असतो.

हा प्रश्न विचारणारी संस्था स्वतः सनदेतून जन्मलेली आहे. व्हिक्टोरिया राणीच्या सनदेने १४ ऑगस्ट १८६२ रोजी मुंबईचे उच्च न्यायालय उभे राहिले. फोर्टमधील त्याची गॉथिक धर्तीची इमारत १८७८ मध्ये पुरी झाली. पुढे नागपूर, औरंगाबाद आणि पणजी येथे त्याची खंडपीठे बसू लागली, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरासही पीठ बसू लागले, ज्यासाठी कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील वकीलवर्गाने चाळीसएक वर्षे मागणी लावून धरली होती. १९८१ मध्ये औरंगाबादेस पीठ बसविले गेले तेव्हा राज्य पुनर्रचना कायद्याच्या ५१ व्या कलमाखाली मुख्य न्यायाधीशांना तसे करण्याचा अधिकार आहे काय हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तेथे अधिकार आहे असा निर्णय झाला. न्यायमूर्तींनी कोठे बसावे, यालाही कागदाचा आधार लागतो तो असा.

आता प्रत्यक्ष निवाड्यांकडे वळू, आणि ज्याचा गवगवा सर्वांत अधिक झाला तेथूनच आरंभ करू. ६ एप्रिल २०२३ रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञानविषयक २०२१ च्या नियमांत अशी दुरुस्ती केली की, केंद्र सरकारच्या कारभाराविषयी समाजमाध्यमांवर प्रसिद्ध होणारा मजकूर सरकारनेच नेमलेल्या तथ्यतपासणी कक्षाने खोटा, बनावट अथवा दिशाभूल करणारा ठरविला, तर तो आपल्या व्यासपीठावर राहू न देण्याचे यथाशक्य प्रयत्न त्या माध्यमचालकाने केले पाहिजेत. न केल्यास, दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराबद्दल मूळ कायद्याच्या ७९ व्या कलमाने त्याला जे संरक्षण दिले आहे ते गमावण्याची पाळी त्याच्यावर येईल. विनोदकार कुणाल कामरा, संपादकांची गिल्ड आणि नियतकालिकांची संघटना यांनी याचिका केल्या. ३१ जानेवारी २०२४ रोजी न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांच्या खंडपीठाचे दोन तुकडे झाले. पटेलांनी नियम रद्द ठरविला. गोखले यांनी, मते, उपरोध आणि टीका यांना या नियमाचा स्पर्श नाही व ज्याला तक्रार आहे त्याला दाद मागण्याचा मार्ग मोकळा आहे, असे धरून तो राखला. मतभेदाचे मुद्दे मग तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्यापुढे गेले, आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी त्यांनी पटेलांच्या बाजूने मत दिले. संविधानाच्या १४ व्या आणि १९ व्या अनुच्छेदांचा भंग होतो आणि नियम मूळ कायद्याच्या बाहेर जातो, असे त्या मताचे सार होते. न्या. पटेल तोपर्यंत निवृत्त झालेले होते. बहुमताचा औपचारिक निकाल २६ सप्टेंबर रोजी लागला.

या निवाड्याचा गौरव बहुतेकांनी भाषणस्वातंत्र्याचा विजय म्हणून केला, आणि तो आहेही. परंतु मला त्यातला सर्वांत मार्मिक युक्तिवाद दुसराच वाटतो. तोच मजकूर, त्याच शब्दांत, कागदावर छापला तर त्याला हा कक्ष हात लावू शकत नाही. पडद्यावर दिसला की मात्र लावू शकतो. खोटेपणा जर सार्वजनिक अपाय असेल, तर तो शाईने छापल्याने निरुपद्रवी कसा होतो? या प्रश्नाला सरकारपक्षाकडून समाधानकारक उत्तर आले नाही, आणि जेथे असे उत्तर येत नाही तेथे नियमाचा हेतू त्याच्या मथळ्याहून निराळा असावा असा संशय सुज्ञ माणसाला येणारच. न्या. गोखले यांचे मतही मी हलके लेखीत नाही. अफवेने दंगल पेटते हे खोटे नाही आणि सरकारला आपली बाजू मांडता येऊ नये असेही कोणी म्हणत नाही. मात्र आपली बाजू मांडणे निराळे आणि आपल्याच विषयीच्या वादात आपणच पंच होऊन बसणे निराळे. गावच्या पंचायतीतसुद्धा ज्याच्या बांधाचा तंटा असेल त्याला त्या दिवशी पंचांतून उठावे लागते.

शाळांचे प्रकरण याहून साधे, आणि साधे असल्यामुळेच अधिक बोधप्रद. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांनाही प्रवेशाच्या पहिल्या पायरीवर किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखण्यास सांगितले आहे. महाराष्ट्र शासनाने ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने नियमांना एक परंतुक जोडले : जवळ एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला ही सक्ती नाही. शहरात राहणाऱ्याला हे अंतर म्हणजे काय ते सांगावयास नको. अशा शाळेपासून किलोमीटरभर दूर असलेली खाजगी शाळा मुंबई-पुण्यात शोधूनच काढावी लागेल, म्हणजे अपवादाने नियमच गिळला. मुख्य न्यायाधीश देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्या. अमित बोरकर यांनी १९ जुलै २०२४ रोजी ती अधिसूचना रद्द केली, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालण्याचे नाकारले. कायदा अमलात आणण्यासाठी नियम करण्याचा अधिकार मिळतो, कायदा मोडीत काढण्यासाठी मिळत नाही. मधल्या काळात शाळांनी ज्या जागा भरून टाकल्या होत्या ते प्रवेश न मोडता, लागल्यास तुकडीची संख्या वाढवून २५ टक्क्यांचा वाटा भरावा, अशी जी तोड न्यायालयाने काढली तीत व्यवहारज्ञान आहे. चूक शासनाची आणि शिक्षा सहा वर्षांच्या पोराला, असे तीत झाले नाही.

करविषयक निवाड्यांकडे सामान्य वाचक ढुंकूनही पाहत नाही, आणि मी त्याला दोष देणार नाही. तरी ३ मे २०२४ च्या हेक्सावेअर या कंपनीच्या प्रकरणातील निर्णयाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. प्राप्तिकराची फेरआकारणी फेसलेस रीतीने, म्हणजे करदाता आणि अधिकारी यांची गाठ न पडता व प्रकरण यंत्रानेच कोणातरी अधिकाऱ्याकडे सोपवून, व्हावी अशी योजना सरकारनेच मार्च २०२२ मध्ये जाहीर केली होती. तरीही नोटिसा निघत राहिल्या त्या पूर्वीच्याच, इलाख्यानिहाय नेमलेल्या आकारणी अधिकाऱ्यांच्या सहीने. न्या. के. आर. श्रीराम आणि न्या. गोखले यांनी म्हटले की एकाच कामाचा अधिकार एकाच वेळी दोघांना असू शकत नाही. योजना केली ती पाळा. त्यानंतर या उच्च न्यायालयात अशा कितीतरी नोटिसा रद्द झाल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र त्याच वर्षी उलट मत दिले आणि दोन्ही अधिकारी नोटीस काढू शकतात असे धरले. करबुडव्याला तांत्रिक मुद्द्यावर मोकळे सोडले, हा जो आक्षेप येथे घेतला जातो त्याचे उत्तर द्यावयाचे तर पुढच्या प्रकरणाकडे जावे लागते, कारण तेथे हाच आक्षेप पैशांविषयी नसून माणसाच्या आयुष्याविषयी होता.

दिल्लीच्या महाविद्यालयातील इंग्रजीचे प्राध्यापक जी. एन. साईबाबा, ज्यांचे शरीर नव्वद टक्क्यांहून अधिक अपंग होते आणि ज्यांचे हिंडणे-फिरणे चाकाच्या खुर्चीवरच होई, त्यांना आणि इतर पाच जणांना गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली दोषी ठरविले. त्या कायद्याच्या ४५ व्या कलमाप्रमाणे खटला चालविण्यास सरकारची पूर्वमंजुरी लागते, आणि ती मंजुरीही एका स्वतंत्र प्राधिकाऱ्याने पुरावा तपासून दिलेल्या अहवालानंतर, ठरलेल्या मुदतीत द्यावयाची असते. स्वतंत्र प्राधिकाऱ्याच्या तपासणीची ही तरतूद २००८ मध्ये संसदेने मुद्दाम घातली, कारण कायदा जितका कठोर तितके त्याचे दार जड असावे हे तिला पटले होते. साईबाबांच्या बाबतीत ही मंजुरी आली ती न्यायालयाने प्रकरणाची दखल घेतल्यानंतर, आरोप ठेवल्यानंतर, आणि पहिला साक्षीदार तपासून झाल्यानंतर. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी नागपूर खंडपीठाने, न्या. रोहित देव आणि न्या. अनिल पानसरे यांनी, एवढ्या एका मुद्द्यावर सारा खटलाच निरर्थक ठरविला. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. त्या सुटीच्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने खास बैठक घेऊन निर्णयाला स्थगिती दिली, आणि एप्रिल २०२३ मध्ये तो बाजूला सारून, दुसऱ्या खंडपीठाने गुणदोषांसह सर्व मुद्द्यांवर नव्याने ऐकावे असा हुकूम केला.

त्याप्रमाणे न्या. विनय जोशी आणि न्या. वाल्मिकी मेनेझेस यांनी सारे दप्तर पुन्हा उलगडले आणि ५ मार्च २०२४ रोजी निकाल दिला. मंजुरी अवैध होती, हे पहिल्या खंडपीठाचे म्हणणे त्यांनाही पटले. शिवाय जप्तीचा आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा जो सारा डोलारा सरकारपक्षाने उभा केला होता तो सिद्ध झाला नाही, असेही त्यांनी लिहिले. सर्वांची निर्दोष मुक्तता झाली. परंतु आरोपींपैकी एकजण ऑगस्ट २०२२ मध्ये, म्हणजे पहिला निकाल लागण्याच्याही आधी, कारागृहात असतानाच वारला होता, आणि साईबाबा स्वतः सुटकेनंतर सात-आठ महिन्यांतच, १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, हैदराबादेस गेले. ज्याला आपण तांत्रिक मुद्दा म्हणून हिणवितो त्याचे मोल येथे मोजून घ्यावे. मंजुरीचा कागद वेळेवर आणि विचारपूर्वक तपासला गेला असता तर त्या प्राधिकाऱ्याने कदाचित विचारले असते की पुरावा कोठे आहे. आणि तोच प्रश्न पुढे नऊ वर्षांनी दोन न्यायमूर्तींना विचारावा लागला नसता.

याच जातीचा, पण मनाला अधिक जड जाणारा प्रसंग २१ जुलै २०२५ रोजी आला. ११ जुलै २००६ च्या सायंकाळी मुंबईच्या उपनगरी गाड्यांत झालेल्या सात स्फोटांत १८० हून अधिक माणसे मेली. त्या प्रकरणी दोषी ठरलेल्या बाराही जणांना न्या. अनिल किलोर आणि न्या. श्याम चांडक यांनी सोडून दिले. कबुलीजबाबांवर विश्वास ठेवता येत नाही, आणि ओळखपरेड ज्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याने घेतली त्याला त्या वेळी तो अधिकारच उरला नव्हता, ही त्यांच्या कारणांतील दोन. सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत सांगितले की या निर्णयाचा दाखला म्हणून अन्यत्र उपयोग करू नये, सुटलेल्यांना मात्र पुन्हा तुरुंगात बोलावले नाही. ज्यांची माणसे त्या गाड्यांत गेली त्यांच्यापुढे हा निवाडा वाचून दाखविणे मला कठीण जाईल. तरी ज्याची मुदत संपली आहे असा अधिकारी परेडीला बसविण्याची हयगय न्यायालयाने केलेली नव्हती.

तपासी सत्तेच्या मर्यादेचा आणखी एक लहानसा निवाडा सांगतो, कारण त्यात हरलेल्या पक्षकाराच्या पदरात काही पडले नाही आणि लोकांच्या पदरात पडले. सक्तवसुली संचालनालयाने एका वृद्ध व्यावसायिकाला चौकशीसाठी बोलावले आणि त्याचा जबाब रात्री साडेदहानंतर सुरू करून पहाटे तीनपर्यंत नोंदविला. पहाटे त्याला अटक झाली. अटक बेकायदा आहे हे त्याचे म्हणणे न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. मंजुषा देशपांडे यांनी १५ एप्रिल २०२४ रोजी फेटाळले आणि याचिका निकालात काढली. मात्र जाता जाता त्यांनी लिहिले की झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे, ती हिरावल्याने बुद्धी थकते, आणि थकलेल्या माणसाचा जबाब असा अवेळी नोंदविणे निंद्य आहे. जबाबांच्या वेळांविषयी परिपत्रक काढा असा निर्देशही दिला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ते परिपत्रक निघाले. जबाब देणाऱ्याने संमती दिली होती, असे संचालनालयाचे म्हणणे होते. मध्यरात्री, त्यांच्याच कचेरीत, नाही म्हणण्याची छाती किती जणांना असते?

सत्ता नेहमी सरकारचीच असते असेही नाही. जानेवारी २०२३ मध्ये एक विवाहिता ३२ आठवडे उलटून गेलेली गर्भावस्था संपविण्याची परवानगी मागत आली. गर्भात गंभीर व्यंगे असल्याचे उशिरा उघड झाले होते. वैद्यकीय मंडळाने व्यंगे मान्य केली आणि तरीही, काळ फार पुढे गेला म्हणून, परवानगी नाकारण्याची शिफारस केली. न्या. पटेल आणि न्या. एस. जी. डिगे यांनी म्हटले की निवड करण्याचा हक्क त्या स्त्रीचा आहे, मंडळाचा नाही. मंडळाने वैद्यकीय स्थिती सांगावी, संसार कोणाला करावयाचा आहे ते सांगू नये. गरीब घरच्या त्या जोडप्याला पुढे जे भोगावे लागले असते त्याचा विचार मंडळाच्या कागदात कोठेच नव्हता, हे न्यायमूर्तींनी स्पष्ट लिहिले आहे, आणि एवढ्याकरिता तरी तो निवाडा वाचनीय आहे.

ध्वनिक्षेपकांविषयीचा जानेवारी २०२५ चा निवाडा आणि पातूरच्या पाटीचा निवाडा ही दोन्ही प्रकरणे वर्तमानपत्रांनी धर्माच्या रकान्यात टाकली; पण प्रश्न तेथेही कायद्याच्या कागदात काय आहे हाच होता. पहिल्यात न्या. अजय गडकरी आणि न्या. चांडक यांनी सांगितले की ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नव्हे, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि तक्रार करणाऱ्याचे नाव उघड करू नये. हे शेवटचे वाक्य ज्याने लिहिले त्याला मोहल्ला म्हणजे काय हे ठाऊक आहे. दुसऱ्यात अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूतही नाव होते, आणि २०२२ च्या राजभाषाविषयक कायद्याने ते बेकायदा ठरते असा आक्षेप होता. नागपूर खंडपीठाने एप्रिल २०२४ मध्ये कायदा उघडून पाहिला : मराठी असलीच पाहिजे असे त्यात आहे, दुसरी भाषा नसावी असे त्यात नाही. वर्षभराने सर्वोच्च न्यायालयानेही तेच राखले. मराठीचा अभिमान मलाही आहे. परंतु जो निषेध विधिमंडळाने लिहिला नाही तो अभिमानाच्या भरात कायद्यात वाचता येत नाही.

येथपर्यंत मी जे सांगितले त्यात न्यायालयाने दुसऱ्याच्या सत्तेची सनद तपासली. आता ज्या प्रकरणात त्याने स्वतःचीच तपासली ते सांगतो, आणि ते हिंदू वारसाहक्काचे असल्यामुळे तेलंगांच्या स्वतःच्या प्रांतातले आहे. प्रश्न असा होता : १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा येण्यापूर्वी पुरुष मरण पावला, मागे विधवा आणि कन्या राहिल्या, कन्येला त्याच्या मिळकतीत काही मिळते काय? मूळ दाव्यातला गृहस्थ १९५२ मध्ये वारला होता. त्याच्या मागे पूर्वीच निवर्तलेल्या पहिल्या पत्नीची एक कन्या आणि हयात असलेल्या दुसरीची एक कन्या राहिल्या. पहिलीच्या मुलीने हिस्सा मागितला. एकसदस्य पीठांत मतभेद पडल्यामुळे प्रश्न न्या. चांदूरकर आणि न्या. जितेंद्र जैन यांच्यापुढे आला, आणि २०२४ च्या अखेरीस त्यांनी उत्तर दिले : नाही. १९३७ च्या हिंदू स्त्रियांच्या मिळकतहक्काच्या कायद्याने विधवेला पुत्राइतका वाटा, तोही मर्यादित मालकीने, दिला. १९५६ मध्ये १४ व्या कलमाने ती मालकी पूर्ण झाली. आणि विधवेच्या पश्चात मिळकत गेली ती विधवेच्या वारसांकडे, म्हणजे तिच्या स्वतःच्या पोटच्या मुलीकडे. मुंबई इलाख्यात ‘व्यवहारमयूख’ या धर्मशास्त्रग्रंथाच्या परंपरेमुळे कन्येला वारसाने आलेली मिळकत पूर्ण मालकीची होत असे, ही अन्य प्रांतांहून उदार गोष्ट खरी; पण ती विधवेच्या पश्चात.

कन्येच्या वकिलांनी जे मांडले ते आजच्या मनाला सहज पटणारे होते. स्त्रियांचे हक्क वाढविण्यासाठीच हे कायदे झाले, तर ‘पुत्र’ या शब्दाच्या पोटात कन्याही आहे असे का वाचू नये? खंडपीठाने नकार दिला. जे विधिमंडळाने १९३७ मध्ये दिले नाही आणि १९५६ मध्ये उघडपणे दिले, ते आपण मागे जाऊन दिल्यासारखे करणे म्हणजे न्यायासनावरून कायदा करणे, असा त्या नकाराचा आशय आहे. येथे तेलंगांची आठवण अपरिहार्य आहे. आपाजी नरहर प्रकरणात, बाप आपल्या वडिलांशी वा भावांशी अविभक्त असताना त्याच्या संमतीवाचून मुलाला वाटणी मागता येत नाही, असे पूर्णपीठाच्या बहुमताने ठरले, आणि तेलंग एकटे विरुद्ध राहिले : जन्मानेच हक्क उत्पन्न होतो असे शास्त्र म्हणते, तर तो बजावण्याला बापाची अनुज्ञा कशाला? बहुमताचाच नियम मुंबई इलाख्यात पुढे चालत राहिला. परंतु तेलंगांनी ग्रंथाच्या बाहेर जाऊन हक्क दिला नाही, ग्रंथ अधिक निष्ठेने वाचून दिला. आणि १९३७ च्या कायद्याचा मजकूर त्याच निष्ठेने वाचला तर त्यात कन्या सापडत नाही. मला हा निकाल दुःखद वाटतो आणि बरोबरही वाटतो. शाळांच्या अधिसूचनेला जो मापदंड लावला तोच येथे न्यायालयाने स्वतःला लावला.

अशी जपणूक सर्वच निवाड्यांत दिसते असे मात्र म्हणवत नाही, आणि शेवटचे प्रकरण त्यासाठीच राखून ठेवले. रस्त्यांवरील खड्ड्यांविषयी न्या. पटेल यांनी २०१३ मध्ये मुख्य न्यायाधीशांना पत्र लिहिले आणि न्यायालयाने ते स्वतःहून जनहित याचिका म्हणून दाखल करून घेतले. आदेश निघाले, महापालिकांनी प्रतिज्ञापत्रे दिली, पावसाळे गेले, खड्डे राहिले. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी न्या. मोहिते डेरे आणि न्या. संदेश पाटील यांनी अखेर दरपत्रकच ठरवून दिले : खड्ड्यामुळे वा उघड्या गटारामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये, जखमीस दुखापतीप्रमाणे ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत, अर्ज आल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत रक्कम द्यावी, आणि मागाहून ती दोषी अभियंते, अधिकारी व कंत्राटदार यांच्याकडून वसूल करावी. सुरक्षित रस्ता हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे, हे त्यामागचे तत्त्व.

तत्त्वाशी माझे भांडण नाही. बारा वर्षे आदेश काढूनही ज्याला कोणी जुमानले नाही त्या न्यायालयाने हातात चाबूक घेतला तर त्याला उतावीळ कोण म्हणेल? परंतु सहा लाखच का, आठ का नाहीत, मोटार अपघात न्यायाधिकरणाप्रमाणे मृताचे वय आणि मिळकत पाहून का नाही, याचे गणित त्या आकड्यामागे दिसत नाही. आणि २२६ व्या अनुच्छेदाखाली एका पक्षकाराची भरपाई ठरविणे निराळे, सबंध राज्यासाठी कायमचा दर बांधून देणे निराळे. त्याहून मला खटकली ती ही रक्कम ठरविणारी समिती. महापालिकेच्या हद्दीतील अर्जावर निर्णय घेण्यास न्यायालयाने बसविले आहेत ते त्याच महापालिकेचे आयुक्त आणि त्यांच्या जोडीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. तथ्यतपासणी कक्षाला ज्या न्यायालयाने, स्वतःच्या तंट्यात पंच होता येणार नाही, म्हणून उठविले, त्याच न्यायालयाच्या या समितीत ज्याचा रस्ता, ज्याचा अभियंता आणि ज्याची तिजोरी, तोच अर्धा पंच आहे. प्राधिकरणाच्या सचिवाला आयुक्ताविरुद्ध मत नोंदविण्याचे बळ आदेशातूनच मिळावे, आणि दोघांत मतभेद झाल्यास प्रकरण जिल्हा न्यायाधीशापुढे जावे, एवढी दुरुस्ती करून घेण्याला पुढचा पावसाळा उजाडण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. अर्जदाराच्या वकिलाला तसा अर्ज याच याचिकेत देता येईल.